रविवारी पाच ते सहा

२० जून

प्रिय भिंगरी,

गाडी सुटली तरी तू निरोपाला आली नाहीस. आई म्हणाली, तुझं पोट दुखतंय. दुखत असेल. पण निघताना मी तुझं दार वाजवलं तेव्हा आतून भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता, आणि पोट दुखणारं माणूस चेंडू आपटत बसत नाही एवढं मलाही कळतं.

असो. राग धर, पण पत्र वाच. फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस आणि ‘हं’शी मला भांडता येत नाही.

माझी खोली बरी आहे. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची पाठ. काम मात्र मला हवं होतं तसंच मिळालंय. गिरणीच्या मागच्या वस्तीतल्या मुलांसाठी ही अभ्यासिका काढली आहे. ज्यांच्या घरात बसायला कोपरा नाही ती मुलं शाळा सुटली की इथे येतात. मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘थोडं, पण रोज.’ एक मुलगी म्हणाली, “बाई, थोडं आणि कधीकधी चालेल का?” मला तुझीच आठवण झाली.

सोबत तुझं वेळापत्रक पाठवते आहे. त्यात तुला छळण्यासाठी काही लिहिलेलं नाही. पहाटे गणित, शाळेतून आल्यावर भाषा, संध्याकाळी राहिलेलं. एक दिवस चुकला की सगळी घडी विस्कटते, म्हणून चुकवू नकोस. तुझी बुद्धी माझ्यापेक्षा तल्लख आहे, हे मी तुला तोंडावर कधी म्हणाले नाही, म्हणून इथे लिहिते. मी गाढवासारखी घोकून पास झाले. तू एकदा वाचतेस आणि पुस्तक मिटतेस. म्हणूनच गणितात काठावर आलीस. पुढची परीक्षा कॉलेजचं दार आहे, भिंगरी, आणि ते दार आपल्यासारख्यांसाठी दुसऱ्यांदा कोणी उघडत नाही.

आता टेबलाचं. बाबांना वेगळी चिठ्ठी घातली आहे, पण तुलाही सांगते. बाबांनी पाडलेल्या गोदामाचा तो दरवाजा रंधा मारून त्याचं टेबल केलं तेव्हा मी सर्वांत जास्त खूश झाले होते, कारण मला वाटलं, चला, अभ्यासाला जागा झाली! कसली जागा! त्यावर आईचं कापड, सगळ्यांची ताटं, आणि बाबा कारखान्यातून आले रे आले की तुमचा टेबल-टेनिसचा खेळ. आणि जाळी कशाची? कडेला तुझी दोन-चार पुस्तकं, बाकी सगळी माझी. मी कानात बोटं घालून टेबलाशेजारच्या बाकावर बसायची आणि ओरडायची, “माझं अर्थशास्त्र द्या!” तू म्हणायचीस, “गेम संपू दे गं ताई, तेवढंच त्याला काहीतरी काम.” आणि बाबा हसायचे. बाबा माझ्या बाजूने कधीच हसले नाहीत.

तर मी बाबांना लिहिलंय, एकाच वर्षासाठी ते टेबल मधोमध कापा. अर्धं आतल्या खोलीत भिंतीला लावा, ते तुझं एकटीचं. अर्धं बाहेर आईला आणि जेवायला. घराच्या मधोमध खेळाचं मैदान असेल तर तुझ्या जागी मी असते तरी अभ्यास झाला नसता. (झाला असता. पण ते सोड.)

एकच वर्ष दे. मग जन्मभर खेळ. हा माझा शब्द.

तुझीच,
ताई


९ जुलै

प्रिय भिंगरी,

बाबांचा फोन आला होता. “मास्तरीणबाई, हुकुमाप्रमाणे काम झालं. एका रेषेत कापलंय, कपचीसुद्धा उडाली नाही.” मी म्हटलं, आवाज असा का बसलाय? तर म्हणाले, भुसा गेला घशात. मागून आई ओरडत होती, “अख्खी दुपार लावली यांनी! एवढ्या वेळात माणूस कपाट करतो.” त्यांचा हात पूर्वीसारखा चालत नसेल आता. त्यांना जड उचलू देऊ नकोस.

तुझं पत्रही मिळालं. पत्र म्हणजे एक ओळ. ‘ताई, तू बाबांना विचारलंस की सांगितलंस?’

वाचून मी दोन दिवस चिडले होते. आपल्या घरात माझं विचारणं आणि सांगणं यांत आता फरक राहिलेला नाही, हे मला माहीत आहे. पण तो काय माझा दोष? पदवीचा कागद घरी आणला त्या दिवसापासून आई भाजी कोणती करू हे मला विचारते. मामांनी मला त्यांच्या गुडघ्याचं औषध विचारलं. मी इतिहासाची पदवीधर, माझा आणि गुडघ्याचा काय संबंध? पण मी बोलले की सगळे माना डोलावतात. बाबा तर आधी डोलावतात, मग ऐकतात.

कधीकधी वाटतं, कोणीतरी ‘नाही’ म्हणावं. पण म्हणून काय मी चुकीचं सांगते असं नाही. तू पहाटे उठतेस असं आई सांगत होती. बघ, जमतंय की! पहिले काही दिवस अंग मोडतं, मग सवय आपल्याला उचलून नेते.

आणि एक. आता तू मोठी झालीस. शाळेतल्या मैत्रिणींसमोर ‘भिंगरी’ बरं नाही वाटत. पुढच्या पत्रापासून मी तुला ‘छोटी’ म्हणेन.

ताई


२ डिसेंबर

प्रिय छोटी,

दोन दिवस घरी आले आणि तुझ्याशी धड बोलणं झालं नाही, म्हणून हे पत्र.

खरं तर मला तुझा अभिमान वाटला. आपलं घर इतकं शांत मी कधी पाहिलं नव्हतं. आईने शिवणयंत्र स्वयंपाकघरात नेलंय आणि खाली जाड गोधडी घातली आहे. बाबा कारखान्यातून आले की चपला दारातच हातात घेतात. मला खुणेने विचारलं, “आत चालू आहे?” मी मान हलवली. मग ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. पूर्वी याच वेळी त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. आता समोरचा न्हावीदादा दुकानातून विचारतो, “काय हो, घरात कुणी आजारी आहे का?” बाबा म्हणतात, “छे छे. अभ्यास आहे.” आणि हे त्यांनी अगदी कौतुकाने सांगितलं, हं. मी नीट पाहिलं.

तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. मी मागे उभी होते ते तुला कळलं होतं, कारण तुझी मान ताठ झाली. तुझ्या फ्रॉकला गुडघ्याजवळ फाटलंय, शिवून घे. आई म्हणाली, टेबलाखाली काहीतरी अडकतं. बाबांना सांग, खिळा वर आला असेल तर ठोकून देतील.

तू मला म्हणालीस, “ताई, तू आली आहेस म्हणून आजचं वेळापत्रक बदलायचं का?” मी हसले. म्हटलं, “मी काय पाहुणी आहे?” तू म्हणालीस, “नाही, म्हणून तर विचारते.” आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलंस. गाडीत मी त्याचा बराच विचार केला. नेमका काय विचार केला ते लिहिता येत नाही.

माझ्या चपलेचा खिळा ठोकायला हातोडी शोधताना बाबांच्या खिळ्यांच्या डब्यात चेंडू सापडला. एका बाजूने जरा चेपलाय. मी तो परत ठेवला. बाबांनी ठेवलाय म्हणजे मुद्दाम ठेवला असेल.

थोडेच महिने उरले आहेत.

ताई


११ जून

माझी गुणाची छोटी!

अभ्यासिकेच्या मोठ्या बाईंनी निकाल वाचून दाखवला तेव्हा मी सगळ्या मुलांसमोर रडले. मुलांना वाटलं कोणीतरी गेलं. मी फळ्यावर तुझे गुण लिहिले आणि म्हटलं, “ही माझी बहीण. आपल्यासारख्याच घरातली.” ती ‘थोडं आणि कधीकधी’वाली मुलगी म्हणाली, “बाई, मग आता ती काय करणार?” मी म्हटलं, “आता ती खेळणार!”

एवढ्या लांबच्या, एवढ्या नावाजलेल्या कॉलेजात तुला घेतलं. आपल्याकडून तिथे कधी कोणी गेलं आहे का गं? आईने फोनवर तीन वेळा ‘ऐकतेस ना’ विचारलं आणि तिन्ही वेळा कॉलेजचं नाव पुन्हा सांगितलं.

मी शब्द दिला होता, आठवतं? या पार्सलमध्ये दोन बॅटी आहेत. बाबांनी प्लायवूडच्या कापल्या होत्या तशा नाहीत, खऱ्या, रबर लावलेल्या, दुकानातल्या. चेंडूही आहेत. वर्ष संपलं, बाई. सुटलीस.

एक गोष्ट आईकडून कळली. तुझ्यावर रागवायला लिहीत नाही, सहज लिहिते. निकालाच्या संध्याकाळी बाबा कारखान्यातून लवकर आले, हातपाय धुतले आणि जुन्या बॅटी घेऊन तुझ्या दारात उभे राहिले. तू म्हणालीस, “बाबा, पुढच्या वर्षाची पुस्तकं आजपासूनच चाळायला हवीत.” ते म्हणाले, “बरोबर आहे, बरोबर आहे.” आणि बॅटी माळ्यावर ठेवून आले.

थकली असशील. एखादा दिवस असं होतं.

नव्या बॅटी मिळाल्या की कळव.

ताई


१९ नोव्हेंबर

प्रिय छोटी,

बॅटी मिळाल्याचं तू कळवलं नाहीस. आई म्हणते, पार्सल तू न फोडताच घरी ठेवून गेलीस. सामान जास्त झालं असेल.

आज तुला माझी एक गोष्ट सांगते. काल बाजारात कॉलेजातली एक मैत्रीण भेटली. मैत्रीण म्हणजे, आम्ही एका वर्गात होतो. ती आणि आणखी तिघी शनिवारी तास संपले की मागच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसायच्या. काही करायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या, खिदळायच्या, प्राध्यापकांच्या नकला करायच्या. मी समोरून वाचनालयात जायचे. मला वाटायचं, किती वेळ वाया घालवतात या! यांच्या घरी कोणी ना कोणी शिकलेलं आहे, यांना परवडतं.

काल ती माझा हात धरून म्हणाली, “अगं, आम्ही वर्षभर तुझ्यासाठी एक पायरी मोकळी ठेवायचो. कोणी बसायला आलं की म्हणायचो, इथे आमची पुस्तकी बसणार आहे. तू आलीच नाहीस.” आणि हसली. मग बाकीच्या तिघींचं सांगायला लागली, कोण कुठे, कोणाला मूल झालं, कोण कोणाकडे आजारपणात राहिली. “तुला आठवतं का गं, त्या दिवशी…” असं ती चार-पाच वेळा म्हणाली. मला एकही दिवस आठवेना. त्या दिवसांत मी नव्हतेच.

मला रविवारी काय करावं कळत नाही, छोटी. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सकाळी खोली झाडते, कपडे धुते, आणि मग पलंगावर बसून सोमवारची वाट पाहते.

म्हणून तुला लिहिते. तुझा अभ्यास चांगला चालला आहे हे मला माहीत आहे. पण थोडा मोकळा वेळही ठेव. पायऱ्यांवर बस. नकला कर, तू न्हावीदादाची करायचीस तशी. आणि हिवाळ्याच्या सुट्टीत घरी ये. मीही रजा टाकते. आपण काहीच करायचं नाही.

ताई


४ जानेवारी

छोटी,

तुझं कार्ड आलं. किती सुंदर अक्षर झालंय तुझं.

‘प्रिय ताई, सुट्टीतलं वाचन ठरवून घेतलं आहे. आत्ता घरी आले तर सगळी घडी विस्कटेल. तू सांगितल्याप्रमाणे रविवारी पाच ते सहा मोकळा वेळ ठेवला आहे. त्या वेळात काय करायचं ते कळव.’

मी कार्ड मोठ्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “वा, काय शिस्त आहे हो मुलीला! फळ्याशेजारी लावू या का?” मी नाही म्हटलं. तो माझा आवाज मलाच मोठा वाटला.

आधी वाटलं, तू मला टोमणा मारते आहेस. तू मारायचीस, आणि छान मारायचीस. म्हणून मी ते कार्ड टोमणा असेल असं समजून पुन्हा वाचलं. रागावून वाचलं, हसत वाचलं, तुझ्या आवाजात वाचून पाहिलं. कुठेच टोमणा नाही गं. तू खरंच विचारते आहेस.

आणि घडी विस्कटते हे शब्दसुद्धा माझेच.

मी चार उत्तरं लिहिली आणि फाडली. एकात लिहिलं होतं, फिरायला जा. एकात, गाणं ऐक. प्रत्येक उत्तर लिहून झालं की डोळ्यांसमोर यायचं, तू घड्याळ बघून फिरायला निघाली आहेस आणि सहाला दोन मिनिटं असताना परत वळते आहेस.

आज उत्तर देत नाही. मला येत नाही.

ताई


२२ फेब्रुवारी, घरून

प्रिय भिंगरी,

हे नाव मी तुला विचारल्याशिवाय काढून घेतलं होतं. परत करते.

मी रजा घेऊन घरी आले आहे. मनात योजना होती, माझ्या सगळ्या योजनांसारखीच पक्की. बाबांना म्हटलं, “ते टेबल पुन्हा जोडता येईल का?” ते पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. हल्ली ते रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, निविदासुद्धा. म्हणाले, “करवतीने खाल्लं तेवढं गेलं. पण जोडायचं काय त्यात? अडकवायचं. चल, धर.”

मला कळेना. आतल्या खोलीतलं तुझं अर्धं आम्ही बाहेर ओढलं. बाबांनी ते आडवं केलं. कापलेल्या कडेखाली दोन पितळी आकडे होते. नीट खाचा पाडून, आत बसवून, स्क्रूने घट्ट केलेले. मग आईचं अर्धं आडवं केलं. त्याच जागी दोन कड्या.

मी विचारलं, हे कधी केलंत?

“कापलं तेव्हाच.”

“पण का?”

माझ्याकडे बघून ते म्हणाले, “तूच नाही का लिहिलं होतंस, एकच वर्ष म्हणून? वर्षानंतर पुन्हा कोण मापं घेत बसणार? तेव्हाच बसवून टाकले.”

त्या दुपारी त्यांना एवढा वेळ का लागला ते मला दीड वर्षाने कळलं. हात चालत नव्हता म्हणून नव्हे. मी त्यांना ‘नाही’ म्हणणारं कोणी नाही म्हणून कुरकुरत होते. त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही. त्यांनी माझा शब्द खरा मानला आणि त्याप्रमाणे लाकूड कोरलं. तो पाळायची वेळ आली तेव्हा मी पार्सल पाठवलं.

एक आकडा जरा वाकलाय. त्याच्या टोकाला निळा धागा होता. तुझ्या फ्रॉकचा. मी तुला लिहिलं होतं, खिळा असेल, बाबांना सांगून ठोकून घे. तू सांगितलं नाहीस. वर्षभर तुझा गुडघा त्याला लागत होता. तुला माहीत होतं ना, तो काय आहे? मला वाटतं तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग वर्ष संपलं त्या संध्याकाळी तू उठली का नाहीस, हे मी तुला विचारणार होते. पण त्याचं उत्तरही मीच पाठवलेलं आहे. सवय आपल्याला उचलून नेते, असं मी लिहिलं होतं. आणून सोडते की नाही, ते मला माहीत नव्हतं.

टेबल जोडून झालं तर आई कमरेवर हात ठेवून उभी. “आता मी चालायचं कुठून? टेबलावरून?” बाबा म्हणाले, “खालून जा. बारीक होशील.” किती दिवसांनी आईने त्यांच्या अंगावर फडकं फेकलं. समोरून न्हावीदादा ओरडला, “काय हो, बरं वाटलं का पेशंटला?”

तर आम्ही खेळतो. मला अजिबात येत नाही. बाबा म्हणतात, “मास्तरीणबाई, चेंडू आहे तो, उत्तरपत्रिका नाही. एवढं निरखून काय बघता?” नव्या बॅटी त्यांना आवडल्या नाहीत, फार उड्या मारतात म्हणे. ते प्लायवूडचीच घेतात आणि मला दोन्ही हातांनी हरवतात. चेंडू तोच, चेपलेला. सांध्यावर पडला की भलतीकडेच जातो. तसा पडला तर तो डाव पुन्हा खेळायचा, असा नियम त्यांनी केलाय. पहिल्या दिवशी मी दर दोन डावांनी खिडकीतून न्हावीदादाच्या घड्याळात वेळ बघत होते. काल बघायची राहिली. आईने जेवायला हाक मारली तेव्हा अंधार पडला होता आणि आम्ही अजून भांडत होतो, चेंडू कडेला लागला की नाही यावरून.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रविवारी पाच ते सहा काय करायचं, मला माहीत नाही, भिंगरी. मला कधीच माहीत नव्हतं. ज्या गोष्टीबद्दल मला काहीच येत नव्हतं ती मी तुझ्याकडून काढून घेतली, आणि ज्यातलं थोडं येत होतं ती सगळी तुझ्या अंगावर घातली. अभ्यास वाईट नव्हता. तू जिथे पोचलीस तिथे बघून मला अजूनही रडू येतं, आणि ते दुःखाचं नसतं. पण मी तुला दार उघडून दिलं असं सगळ्यांना सांगते, तेव्हा बाबा माझ्याकडे न बघता टेबलावरून हात फिरवतात. तेही एक दार होतं.

मी तुला ‘ये’ म्हणत नाही. तू माझं फार ऐकतेस. मी म्हटलं तर येशील, वेळापत्रकात मांडून येशील, आणि ठरल्या वेळी खेळून ठरल्या वेळी थांबशील. ते मला बघवणार नाही. म्हणून या पत्रात तुझ्यासाठी एकही सूचना नाही. शोधून बघ हवं तर.

फक्त इथलं सांगते. जाळीला आम्ही माझी पुस्तकं लावतो. अर्थशास्त्र अजून मधोमधच असतं. पण टेबलाच्या रुंदीला ती पुरत नाहीत. पूर्वी कडेची जागा तुझ्या पुस्तकांनी भरायची, ती तू सगळी घेऊन गेलीस. आईने तिथे डबा ठेवायला दिला तर बाबांनी नको म्हटलं. त्या फटीतून चेंडू सारखा सुटतो. जाळीवरून गेलेला नाही म्हणून तो गुण माझा धरता येत नाही, आणि बाबा स्वतःचाही धरत नाहीत. चेंडू उचलायला खाली वाकतात आणि तिकडूनच म्हणतात, “हा भिंगरीचा.”

मी आल्यापासून हा हिशोब चालू आहे. बाबा माझ्या कितीतरी पुढे आहेत. आणि तू बाबांच्या पुढे आहेस.

ताई